स्टार्ट पॉइंट सांगितलेल्या जागी थांबत नाही? फिनिशिंगची रेघ परत परत येते त्याची कारणं

तक्रार साधारण अशी असते. पॉकेटची (आत कोरलेल्या खळग्याची) किंवा बाहेरच्या प्रोफाइलची भिंत फिनिश झाली, सगळीकडे फिनिश झकास, पण एका जागी वरपासून खालपर्यंत उभी रेघ. डोळ्यांना बारीक दिसते, नख फिरवलं की अडकतं. प्रोग्रॅमर कॅममध्ये (मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जातो, टूलपाथचा, म्हणजे टूलच्या वाटेचा, स्टार्ट पॉइंट उचलून दुसरीकडे ठेवतो, नवा प्रोग्रॅम काढतो, जॉब पास होतो. काही दिवसांनी पार्टी एखादं भोक सरकवून नवी रिव्हिजन पाठवते, ऑपरेशन रीजनरेट होतं, म्हणजे टूलपाथ नव्याने काढला जातो, आणि रेघ पुन्हा जुन्या जागी हजर. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, परत आली बघा की."

सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्या शॉपमध्ये हे गाऱ्हाणं कायम ऐकू येतं. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पॉइंट परत हलवणे. तो उपाय पुढच्या रीजनरेटपर्यंतच टिकतो, कारण पॉइंट का पळाला हे कुणी बघितलेलंच नसतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. स्टार्ट पॉइंट हा सॉफ्टवेअरच्या लेखी हुकूम नाही, विनंती आहे. जमलं तर ते मानतं. नाही जमलं तर आपल्या सोयीची जागा घेतं, आणि बहुतेक वेळा तसं सांगतही नाही. टूलपाथ निळा-हिरवा दिसतो, वॉर्निंग येत नाही, सिम्युलेशन सुरळीत चालतं. त्यामुळे काम दोन भागांत करायचं: विनंती नाकारली का गेली ते शोधायचं, आणि मग ती नाकारण्याचं कारणच उरणार नाही अशी करायची.

आधी खात्री करा, रेघ स्टार्टचीच आहे का

हे सोडून थेट कॅम उघडणाऱ्यांचा बराच वेळ वाया जातो. विशेषतः गोल बोअरमध्ये (भोकात) किंवा गोल बॉसवर (उंचवट्यावर).

सीएनसी मशीनवर वर्तुळ कापताना दर ९० अंशांवर कुठला तरी एक अक्ष दिशा उलटवतो. घड्याळातल्या तीनच्या आणि नऊच्या जागी एक्स उलटतो, बाराच्या आणि सहाच्या जागी वाय. बॉलस्क्रूत (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूत) बॅकलॅश म्हणजे ढिलाई असेल, गिब (सरकत्या भागाची फट भरणारी पट्टी) सैल असेल किंवा सर्व्होचं ट्युनिंग बिघडलं असेल, तर त्या चार जागांवर बारीक पायरी किंवा रेघ उठते. हा मशीनचा दोष. आता गंमत अशी की बहुतेक कॅडमध्ये पूर्ण वर्तुळाचं टोक, म्हणजे जिथे ते सुरू होऊन संपतं तो शिरोबिंदू, शून्य अंशावर असतो. कॅम आपोआप तिथूनच टूलपाथ सुरू करतं. म्हणजे स्टार्टची रेघ आणि एक्स उलटण्याची रेघ, दोन्ही तीनच्याच जागी. बघणाऱ्याला एकच रेघ दिसते.

वेगळं करायला सोपी चाचणी आहे. स्टार्ट पॉइंट ४५ अंशावर न्या आणि एक जॉब काढा. रेघ ४५ वर आली तर ती स्टार्टची. तीनच्या जागीच राहिली, शिवाय बारा किंवा नऊच्या जागीही भाऊबंद दिसले, तर कॅममध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही. डायल लावून बॅकलॅश मोजा, सर्व्हिसवाल्याला बोलवून बॉलबार टेस्ट (मशीन वर्तुळ किती गोल काढतं त्याची तपासणी) करून घ्या. आणि ४५ वरही रेघ, तीनवरही रेघ असं निघालं तर दोन्ही आजार आहेत. तसंही असतं.

ही चाचणी झाल्यावर पुढचं वाचा.

पॉइंट का पळतो: मॉडेलच्या कडेला बांधलेला असतो म्हणून

माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच. स्टार्ट पॉइंट देताना आपण मॉडेलवरचा एखादा कोपरा, कडेचा मध्यबिंदू किंवा फिलेटचं (गोल केलेल्या कोपऱ्याचं) टोक क्लिक करतो. सॉफ्टवेअर त्या जागेचे कोऑर्डिनेट लक्षात ठेवत नाही, "अमुक नंबरची कड, तिचा मध्य" असं लक्षात ठेवतं. पार्टीकडून मॉडेलची स्टेप फाइल नव्याने आली की त्या कडांचे अंतर्गत नंबर नव्याने पडतात. दिसायला भाग तोच, पण कॅमच्या दृष्टीने जुनी कड मेली. संदर्भ तुटला की काही सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतात, काही निवड गुपचूप रिकामी करतात आणि मूळ नियमावर येतात. मूळ नियम काय? कुठे सर्वांत लांब सरळ रेषेचा मध्य, कुठे चेनची (ओळीने निवडलेल्या कडांची) पहिली कड, कुठे आधीच्या कटच्या शेवटाला सर्वांत जवळचा बिंदू. म्हणून रेघ "जुन्या जागी" परत येते. ती जागा डिफॉल्टची असते.

मॉडेल स्वतःच्याच कॅडमध्ये असेल, त्याच फाइलमध्ये बदल केला असेल, तर संदर्भ सहसा टिकतात. पण कोपऱ्याला फिलेट टाकला, एक कड दोन तुकड्यांत विभागली गेली, की तिथेही हाच प्रकार.

उपाय अगदी साधा आहे आणि तरी फार कमी लोक करतात. मॉडेलला हात न लावता वेगळं स्केच काढा, वर्क झिरोपासून (जॉबच्या मापांच्या शून्य बिंदूपासून) मापं देऊन त्यात एक पॉइंट ठेवा, आणि स्टार्टसाठी तोच निवडा. जॉबची भूमिती कितीही बदलो, हा पॉइंट जागेवरून हलणार नाही. टूलपाथ त्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणी सुरू होईल. पॉइंट भिंतीवर बरोबर बसलाच पाहिजे असं नाही. भिंतीपासून थोडा आत, मोकळ्या बाजूला ठेवला तर रिव्हिजनमध्ये भिंत एक-दोन मिमी सरकली तरी काम चालतं. मात्र दोन भिंतींच्या मधोमध ठेवू नका. तसं केलं तर "सर्वांत जवळची" भिंत कुठली हे सॉफ्टवेअरच्या मर्जीवर जातं.

स्केचला नाव द्या. "स्टार्ट_फिनिश_भिंत" असं काहीही चालेल, पण नाव असलं की सहा महिन्यांनी फाइल उघडणारा दुसरा प्रोग्रॅमर ते फालतू समजून डिलीट करत नाही.

दुसरं कारण: लीड-इनला जागाच नसते

पॉइंट जागेवर आहे, संदर्भ तुटलेला नाही, तरी टूलपाथ भलतीकडून सुरू होतो. अशा वेळी लीड-इनकडे, म्हणजे टूल भिंतीला भिडायला येतो त्या वाटेकडे, बघा.

टूल भिंतीला भिडताना सहसा आधी एक छोटी सरळ रेषा आणि मग पाव वर्तुळाचा आर्क घेतो. समजा १० मिमीचा एंडमिल आहे, आर्कची त्रिज्या ५ आणि सरळ रेषा ५ दिली आहे. तुम्ही निवडलेली जागा अरुंद गळ्यात असेल, समोरची भिंत १६ मिमीवर, तर गणित करा. भिंतीला टेकलेल्या कटरचा मध्य ५ मिमी आत. आर्कसाठी आणखी ५, म्हणजे १०. सरळ रेषा लीड-इनच्या दिशेप्रमाणे आणखी ५ आत गेली तर १५. त्यात कटरची पलीकडची त्रिज्या ५, झाले २०. जागा आहे १६. कटर समोरच्या भिंतीत घुसणार. सॉफ्टवेअर हे ओळखतं आणि तीनपैकी एक करतं: लीड-इन लहान करतं, लीड-इन काढूनच टाकतं, किंवा प्रशस्त जागी निघून जातं. तिसरं झालं तर पॉइंट पळाला. दुसरं झालं तर त्याहून वाईट, कारण पॉइंट जागेवर दिसतो पण टूल थेट भिंतीवर उतरतो आणि रेघ अजून खोल पडते.

म्हणून पहिली चाचणी ही: लीड-इनची त्रिज्या १ आणि सरळ रेषा १ अशी तात्पुरती करून रीजनरेट करा. पॉइंट सांगितलेल्या जागी आला? मग निदान झालं. आता त्रिज्या हळूहळू वाढवत न्या आणि कुठे बिनसतं ते बघा. स्वीप अँगल (आर्क किती अंशांचा ते) ९० वरून ४५ वर आणला तरी बरीच जागा वाचते.

बाहेरच्या प्रोफाइलला हाच त्रास क्लॅम्पमुळे होतो. क्लॅम्प किंवा वाइसचा जबडा सेटअपमध्ये टाळायच्या यादीत घातला असेल तर सॉफ्टवेअर त्याच्या आसपास एंट्री देत नाही. मॉडेलवर जागा मोकळी दिसते, पण त्याला क्लॅम्पही दिसतो. तुम्ही तो व्ह्यूमध्ये लपवून ठेवलेला असतो, एवढंच.

खूण करून ठेवलेला एखादा पर्याय

मास्टरकॅमवाल्यांनी हे आधी बघावं. चेन मॅनेजरमध्ये चेनवर राइट क्लिक करून स्टार्ट पॉइंट बदलता येतो, ते सगळ्यांना माहीत असतं. पण लीड इन/आउटच्या पानावर बंद काँटूरसाठी मध्यबिंदूपासून आत-बाहेर जाण्याची टिक असते. ती लावलेली असेल तर तुम्ही चेनचा स्टार्ट कोपऱ्यावर न्या नाहीतर कुठेही न्या, टूल त्या कडेच्या मध्यावरच जाणार. जागा अचूक हवी तर ती टिक काढा. कड कुठेही तोडायची नसेल तर चेनिंगच्या आधी एक पॉइंट काढून तोच एंट्री पॉइंट म्हणून वापरण्याचीही सोय तिथे आहे.

फ्यूजनमध्ये टू-डी काँटूरच्या लिंकिंग टॅबमध्ये एंट्री पोझिशन्स आहे. तिथे वर सांगितलेला स्केच पॉइंट द्या. त्याच टॅबमधल्या प्रीड्रिल पोझिशन्सशी गल्लत करू नका. त्या आधी पाडलेल्या भोकातून टूल सरळ खाली उतरवण्यासाठी असतात. फिनिशिंगच्या भिंतीशी त्यांचा संबंध नाही.

एनएक्समध्ये नॉन कटिंग मूव्हजमध्ये स्टार्ट/ड्रिल पॉइंट्सचं पान आहे. ओव्हरलॅपचं (सुरुवातीच्या पुढे टूल किती जातो त्याचं) अंतरही तिथेच. रीजन स्टार्ट पॉइंट्समध्ये स्वतःचा पॉइंट दिला नाही तर मिडपॉइंट किंवा कॉर्नर यातला जो डिफॉल्ट असेल तो चालतो. कॉर्नरवर असेल तर लगेच बदला. आतल्या कोपऱ्यात कटरचा भिंतीशी संपर्क एकदम वाढतो, चॅटर (टूलची थरथर) तिथेच होतो, आणि त्यात स्टार्टची रेघ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

पॉवरमिलची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे गोंधळ जास्त होतो. स्टार्ट अँड एंड पॉइंटचा जो फॉर्म आहे, ब्लॉक सेंटर सेफ, फर्स्ट पॉइंट सेफ वगैरे, तो संपूर्ण टूलपाथकडे टूल कुठून येणार ते ठरवतो. भिंतीवरच्या प्रत्येक बंद फेरीची सुरुवात त्याने हलत नाही. त्यासाठी टूलपाथ एडिटमध्ये मूव्ह स्टार्ट पॉइंट्स आहे. फेऱ्यांवरून आडवी रेषा ओढायची, ज्या फेऱ्यांना ती छेदते त्यांची सुरुवात रेषेवर येते. साधन झकास आहे, पण ही तयार टूलपाथवर केलेली दुरुस्ती आहे. टूलपाथ पुन्हा कॅल्क्युलेट केला की ती गेली. म्हणून पॉवरमिलमध्ये "परत आली" ही तक्रार असेल तर आधी विचारा, रीकॅल्क्युलेट केल्यावर रेषा परत ओढली होती का? रेषेची जागा सेटअप शीटवर लिहून ठेवायची सवय लावा.

छोट्या शॉपमध्ये फ्रीकॅड वापरणारेही आता भेटतात. त्याचा जुना पाथ वर्कबेंच २०२४ च्या १.० आवृत्तीपासून कॅम नावाने येतो. प्रोफाइल ऑपरेशनच्या प्रॉपर्टीत यूज स्टार्ट पॉइंट चालू करून थेट एक्स-वाय कोऑर्डिनेट टाकता येतात. कडेवर अवलंबूनच नाही, त्यामुळे संदर्भ तुटण्याचा प्रश्न उरत नाही. बाकी बाबतीत तो मोठ्यांच्या मागे असेल, या बाबतीत सरळ आहे.

दोन किरकोळ कारणं घाईत सांगतो. एकाच ऑपरेशनमध्ये चार-पाच पॉकेट असतील आणि क्रम "कमीत कमी प्रवास" असा असेल, तर प्रत्येक पॉकेटची सुरुवात आधीच्या शेवटाजवळ ओढली जाते. पॉकेटची ऑपरेशन वेगळी करा किंवा प्रत्येकाला आपापला पॉइंट द्या. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह रफिंगमध्ये (जादा मटेरियल काढून टाकताना) पॉइंट दिला तरी तो ढोबळच मानला जातो. रफिंग आहे, सोडून द्या. भिंत नंतर वेगळ्या फिनिश पासने घ्यायचीच आहे.

प्रत्येक लेव्हलवर वेगळी जागा

उभ्या भिंतीऐवजी उतरती भिंत असेल, कॉन्स्टंट झेडने (एकेका उंचीच्या थराने) कापत असाल, तर एक वेगळंच दृश्य दिसतं. रेघ सरळ उभी न येता वेड्यावाकड्या पायऱ्यांसारखी सरकत जाते. प्रत्येक लेव्हलला काँटूरची लांबी वेगळी, लांब कडेचा मध्य वेगळा, म्हणून सुरुवातही वेगळी. काही जण मुद्दाम तसं करतात, रेघ विखुरली की कमी दिसते म्हणून. डायच्या पॉलिश होणाऱ्या पृष्ठभागावर मला ते पटत नाही. पॉलिश करणाऱ्याला एका ओळीतली रेघ एका दगडाने काढता येते, विखुरलेले ठिपके शोधत बसावं लागतं. स्टार्ट एका रेषेत आणायचे असतील तर एका पॉइंटऐवजी भिंतीच्या उताराला समांतर रेषा काढून तिच्यावर लेव्हलनिहाय पॉइंट द्या, किंवा जिथे सोय असेल तिथे लेव्हल बदलताना हेलिकल उतार चालू करा. मग प्रत्येक लेव्हलला सुरुवात-शेवट असा जोडच राहत नाही.

जी४१ चा अलार्म आणि घाईतला उपाय

स्टार्ट पॉइंट नव्या जागी नेल्यावर फानुक कंट्रोलवर ०३४ किंवा ०४१ अलार्म येतो, मग प्रोग्रॅमर वैतागून पॉइंट परत जुन्या जागी ठेवतो. म्हणजे पॉइंट इथे सॉफ्टवेअरने नाही, माणसाने पळवला.

०३४ चा अर्थ असा की कॉम्पेन्सेशन (कटरच्या त्रिज्येसाठी मार्ग बाजूला सरकवणं, कोड जी४१) चालू किंवा बंद करणारी ओळ आर्कची आहे. जी४१ हे जी०० किंवा जी०१ च्या सरळ हालचालीतच चालू करावं लागतं. जी०२, जी०३ च्या आर्कमध्ये चालत नाही. सीमेन्सवरही नियम तोच. म्हणून लीड-इनमध्ये आर्कच्या आधी सरळ रेषा हवीच. शून्य ठेवली की हा अलार्म.

०४१ म्हणजे कंट्रोलला पुढे ओव्हरकट (नको तिथे कापलं जाणं) दिसतोय. इथे कॉम्पेन्सेशनचा प्रकार महत्त्वाचा. पोस्टमधून (टूलपाथचा मशीनचा कोड करणाऱ्या भागातून) "वेअर" प्रकार काढत असाल तर प्रोग्रॅम कटरच्या मध्याचा असतो आणि ऑफसेटच्या पानावर डी मध्ये (कटरच्या त्रिज्येच्या रकान्यात) फक्त झीज, म्हणजे उणे ०.०२ असं काहीतरी. तेव्हा १ मिमीची सरळ रेषा आणि १ मिमीचा आर्कही पुरतो. पण "कंट्रोल" प्रकारात प्रोग्रॅम जॉबच्या मापाचा असतो आणि डी मध्ये पूर्ण त्रिज्या, १० च्या कटरला ५. इथे लीड-इनची सरळ रेषा ५ पेक्षा मोठी आणि आर्कची त्रिज्याही ५ पेक्षा मोठी लागते. आर्क ३ चा दिला तर कटरचा मध्य जाणार तरी कुठून?

आता मागचा मुद्दा आठवा. अरुंद जागेत मोठा लीड-इन बसत नाही, आणि "कंट्रोल" प्रकारात लहान लीड-इन चालत नाही. त्यामुळे अरुंद पॉकेटमध्ये या प्रकारात मनासारखा स्टार्ट पॉइंट मिळणं मुश्किलच. माझं मत स्पष्ट आहे: कॅममधून प्रोग्रॅम काढत असाल तर वेअर प्रकारच ठेवा. ऑपरेटरला डी मध्ये ५ टाकायची सवय असेल तर त्याच्याशी बसून बोला, कारण वेअरच्या प्रोग्रॅमला कुणी डी मध्ये ५ टाकलं तर जॉब तर जातोच, कधी कटरही जातो. सेटअप शीटच्या वरच्या ओळीत ठळक लिहा.

पॉइंट ठेवायचा कुठे

पॉइंट टिकवता आला तरी तो कुठे टिकवायचा हे ड्रॉइंगच सांगतं. कुठली भिंत दुसऱ्या भागाला भिडते, कुठे सील बसतं, कुठे इन्स्पेक्शनवाला मायक्रोमीटर किंवा प्रोब लावणार. या तिन्ही जागा सोडून जी सरळ, मोकळी भिंत उरते तिच्या मध्याला पॉइंट. बहुतेक जॉबला एवढं पुरतं.

काही जॉबला नाही पुरत. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग करणारे आहेत, म्हणून टॅपेटचं उदाहरण घेतो. टॅपेट म्हणजे मागावरची कॅम-चकती (सॉफ्टवेअरवाला कॅम नव्हे), जी फिरताना वयांच्या, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या, चौकटी वर-खाली करते. त्याची पूर्ण कड हीच कामाची कड, लपवायला जागाच नाही. पण कडेचे सगळे भाग सारखे नसतात. चढ आणि उतारावर रोलरचा दाब जास्त, तिथे चौकट हलत असते. मधे दोन सपाट टप्पे असतात, जिथे त्रिज्या बदलत नाही आणि चौकट थांबलेली असते. त्यातला कमी त्रिज्येचा टप्पा सर्वांत कमी ओझ्याचा. स्टार्ट पॉइंट तिथे, टप्प्याच्या मधोमध. चढ सुरू होतो त्या जोडावर ठेवला तर रोलर प्रत्येक फेऱ्याला तिथे टक् करतो, आणि कारखान्यात तो आवाज मागावर उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळतो. ईएन ८ स्टीलच्या प्लेटमधून टॅपेट काढताना तो मधल्या बोअरमधून बोल्टने धरलेला असतो, बाहेर सगळीकडे मोकळं. त्यामुळे लीड-इनचा आर्क खुशाल मोठा, कटरच्या त्रिज्येएवढा द्या.

दुसरं उदाहरण पंपाच्या झाकणातल्या ओ-रिंगच्या खाचेचं. साखर कारखान्यांमुळे आपल्या जिल्ह्यात पंपांची कामं येतच असतात. झाकणाच्या तोंडावरच्या खाचेत ओ-रिंग वर-खाली दाबली जाते, म्हणजे सील होतं ते खाचेच्या तळावर. खाचेच्या लांबीच्या दिशेने असलेल्या बारीक रेघा चालतात. खाचेला आडवी, आतून बाहेर जाणारी रेघ चालत नाही, कारण पाणी तिथूनच वाट काढतं. टूल एका जागी सरळ खाली उतरला आणि तिथूनच वर निघाला की नेमकी अशी आडवी पायरी तळावर उरते. इथे पॉइंट हलवून काहीच होत नाही, गोल खाचेत सगळ्या जागा सारख्याच. करायचं ते असं: टूल खाचेच्या मार्गावरूनच रॅम्पने (तिरका उतरत) खाली न्या, तळ गाठल्यावर पूर्ण एक फेरी सपाट घ्या, थोडी जास्तच घ्या, आणि बाहेर पडतानाही मार्गावरूनच हळूहळू वर उचला.

पॉइंट बरोबर, जागा बरोबर, रेघ तरी आहेच

इथपर्यंत आलात तर आता प्रश्न जागेचा राहिला नाही, टूल कसा भिडतो याचा आहे.

भिंत कापताना कटर भिंतीपासून थोडा दूर वाकलेला असतो. सुरुवातीच्या क्षणी त्याच्यावर दाब नसतो, म्हणून वाक नसतो. तसंच सरळ रेषेने काटकोनात भिंतीला भिडलात तर वळताना कंट्रोल वेग कमी करतो, फीड कमी झाला की दाब कमी, वाकलेला कटर सरळ होतो आणि तेवढ्याच जागी जरा जास्त मटेरियल घेतो. रेघ म्हणजे तो खड्डा. आर्कने, स्पर्शरेषेत भिडलं की दाब हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. म्हणून आर्क मोठा असेल तेवढा चांगला, जागा देईल तेवढा.

कटर किती बाहेर काढलाय तेही बघा. वाक ओव्हरहँगच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तोच १० चा कटर ३० मिमीऐवजी ४० मिमी बाहेर असेल तर वाक सुमारे २.४ पट. खोल पॉकेटसाठी लावलेला लांब कटर उथळ पॉकेटलाही तसाच चालवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. टूल बदलायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

मग ओव्हरलॅप. जिथे सुरुवात झाली त्याच्या पुढे १ ते २ मिमी टूल गेला पाहिजे आणि मग बाहेर पडला पाहिजे. शून्य ओव्हरलॅपवर सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये उंचवटा उरतो. ओव्हरलॅप फार वाढवूनही फायदा नाही, तिथे कटर नुसता घासतो. फिनिशला भिंतीवर किती शिल्लक ठेवली तेही तपासा. रफिंगने कोपऱ्यात जास्त आणि मध्यावर कमी सोडलं असेल तर दाब कमीजास्त होणारच. मधे एक सेमी-फिनिश घातला की बहुतेक रेघा इथेच जातात.

मिरर केलेला जॉब आणि लाईट गेलेली पाळी

डावा-उजवा असा जोडीचा जॉब असेल तर एकाचा प्रोग्रॅम करून दुसरा कंट्रोलवर जी५१.१ ने मिरर करायची युक्ती सगळ्यांना आवडते. एकच अक्ष मिरर केला की जी०२ चं जी०३ होतं, जी४१ चं जी४२ होतं, म्हणजे क्लाइम्बचं (दाते फीडच्या दिशेने कापतात ते) कन्व्हेन्शनल (उलट दिशेने) कटिंग होतं. डाव्या जॉबवर न दिसणारी रेघ उजव्यावर दिसते आणि सगळे स्टार्ट पॉइंटला दोष देत बसतात. कॅममध्ये मॉडेल मिरर करा, ऑपरेशन नव्याने काढा, क्लाइम्ब कायम ठेवा. स्केचमधला स्टार्ट पॉइंटही त्या मॉडेलसोबत मिरर करायला विसरू नका, तो वेगळ्या स्केचमध्ये असल्यामुळे आपोआप येत नाही.

लाईट गेल्यावरचं तर वेगळंच. काँटूरच्या मध्यावर मशीन बंद पडलं की ऑपरेटर जिथे थांबलं त्या ओळीच्या आसपास कर्सर नेऊन चालू करायला बघतो. तिथे जी४१ चालू करणारी ओळ आधीच मागे गेलेली असते, त्यामुळे कॉम्पेन्सेशनशिवाय टूल मधूनच भिंतीला लागतो. रेघ पडते, कधी भिंतच जाते. पोस्टमध्ये प्रत्येक ऑपरेशनच्या सुरुवातीला एन नंबर (ओळीचा क्रमांक), टूल कॉल, जी४० (कॉम्पेन्सेशन बंद), वर्क ऑफसेट आणि सुरक्षित झेड हे सगळं पुन्हा यायला हवं, म्हणजे लाईट आल्यावर त्या एन नंबरपासून काँटूर पूर्ण नव्याने घेता येतो. मोठा प्रोग्रॅम असेल तर फिनिशिंगच्या प्रत्येक भिंतीला वेगळं ऑपरेशन करा. वेळ दोन-तीन मिनिटं जास्त जाईल, पण टूल परत त्याच स्टार्ट पॉइंटवरून, त्याच लीड-इनने भिंतीला लागेल.